मदत हवी आहे: ऑनलाइन वर्गात भूमितीच्या रचना कशा तपासाव्यात?

नमस्कार मंडळी. पावसाच्या रेड अलर्टमुळे शाळा बंद राहिली की गणित ऑनलाइन घ्यावे लागते. बीजगणित निभते, अडते ते भूमितीच्या रचनांपाशी. लंबदुभाजक काढताना कंपास रेषाखंडाच्या निम्म्याहून जास्त उघडावा लागतो, नाहीतर कंस छेदतच नाहीत. स्क्रू सैल असेल तर दुसरा कंस काढेपर्यंत त्रिज्या बदलते. वर्गात बाकांमधून फिरताना हे तिथल्या तिथे दिसते. ऑनलाइन हाती येतो तो फक्त पूर्ण आकृतीचा फोटो. चूक कुठल्या पायरीवर झाली हेच कळत नाही. त्यात फोटो तिरका काढलेला असला तर वर्तुळ लंबगोल दिसते आणि 60 अंशांचा कोन फोटोवर मोजण्यात अर्थच उरत नाही.

गोव्यातल्या सत्तरी, सांगे तालुक्यांच्या आतल्या वाड्यांवर वीज गेली की थोड्या वेळाने रेंजही जाते, त्यामुळे सगळ्यांचे कॅमेरे चालू ठेवणे अशक्य. मग दर पायरीला वेगळा फोटो मागवावा, की मुलाच्या हाताचा दोन मिनिटांचा व्हिडिओ? घरातला एकच फोन घेऊन पालक कामावर जातात, त्या मुलांचे काय करता? आणि कंस पुसू नका असे बजावूनही मुले पुसतातच, त्यावर उपाय सापडला असेल तर कृपया पायऱ्यांसह लिहा.