पुरंदरचं अंजीर पुरंदरबाहेर: कुठे जमतं, चव तीच लागते का? सल्ला हवा

अंगणवेडी
नमस्कार मंडळी. पुण्यातला मुक्काम हलवून आम्ही लवकरच रत्नागिरीजवळच्या आमच्या जुन्या घरी राहायला जातोय. अंगण ऐसपैस आहे. आंबा, फणस, नारळ, कोकम सगळं आहे. नाही ते फक्त अंजीर. मार्च-एप्रिलमध्ये दिवे घाटाच्या वर, सासवडच्या रस्त्याला पानांवर मांडून विकायला बसतात ना, ते जांभळट, आतून गुलाबी अंजीर मला तिकडे लावायचंय. गावातले सगळे एकमुखाने सांगतायत, "कोकणात अंजीर होत नाही, नाद सोड."
दुसरं म्हणजे धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. तिची फर्माइश आहे की त्याच झाडाच्या चार काड्या पाठव.
ज्यांनी पुण्याबाहेर हे अंजीर लावलंय त्यांनी कृपया सांगा: झाड जगतं हे ठीक, पण फळ तसं लागतं का? नर्सरीवाल्यांची जाहिरात नको, खाल्लेल्यांचा अनुभव हवा.

चहाटळ
गावातल्यांना म्हणावं, फळ लागलं तर तुम्हाला देणार नाही. होईल मग.

दिवेघाट
ताई, आमची अंजिराचीच बाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
लोक वाणाच्या मागे लागतात. वाण आमच्याकडे पिढ्यानपिढ्या तेच आहे, बाहेर त्याला पूना अंजीर म्हणतात. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते काही नुसत्या काडीला नाही मिळालं. सासवडचा भाग समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच, पर्जन्यछायेतला. पाऊस कमी, जमीन हलकी, मुरमाड, पाण्याचा निचरा झटकन होणारी. दिवसा ऊन, रात्री गारवा. काडी पिशवीत घालून नेता येते, हे बाकीचं नेता येत नाही.
आता चवीचं. आमच्याकडे दोन बहार, म्हणजे फळ धरायचे हंगाम: खट्टा आणि मीठा. खट्ट्याची छाटणी जूनच्या सुमारास, फळं दिवाळीच्या आगेमागे सुरू. मिठ्याची छाटणी पावसाळा सरता सरता सप्टेंबर-ऑक्टोबरात, फळं फेब्रुवारीपासून उन्हाळ्यात. छाटणीपासून तोड्यापर्यंत साधारण चार-साडेचार महिने धरा. खट्ट्याला भाव बरा मिळतो कारण बाजारात तेव्हा अंजीर कमी, पण खायचं ते मिठ्याचंच. फळ पिकताना आभाळ कोरडं आणि ऊन कडक असलं की फळात साखर भरते. त्याच वेळी पाणी जास्त झालं की फळ फुगतं, पाणचट होतं आणि उकलतं. झाड तेच, माती तीच, नुसत्या बहाराने एवढा फरक पडतो. तेव्हा तुम्ही कुठेही लावा, आधी एवढंच बघा: तुमच्याकडे सलग कोरडे महिने कुठले? फळ त्या महिन्यांत पिकायला आलं पाहिजे, अशी छाटणी, आणि तिच्याआधी झाडाला द्यायचा ताण, मागे मोजत न्या.
रत्नागिरीत नोव्हेंबर ते मे कोरडेच की. म्हणजे मीठा बहार धरा, खट्ट्याच्या वाटेला जाऊच नका.

अंगणवेडी
दादा, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. पण मग गावातले "होत नाही" का म्हणतात? आणि ताण द्यायचा म्हणजे नेमकं काय?

दिवेघाट
ताण म्हणजे पाणी तोडून झाड विसाव्याला बसवायचं. पानं पिवळी होऊन गळतात, मग छाटणी, शेणखत, पाणी, की नवी फूट आणि तिच्यावर फळ. मिठ्याचा ताण ऐन ऑगस्ट-सप्टेंबरात येतो, तेव्हा आमच्याकडेही पाऊस असतोच. हलक्या जमिनीत पाणी मुरून जातं म्हणून निभावतं. तुमच्याकडे चार महिने मुळं पाण्यात बसणार. गावातले खोटं सांगत नाहीत ताई, तिथेच झाड मरतं.

मांडवीतीर
गोव्यातून लिहिते. दादांचा मुद्दा अगदी बरोबर. आमच्या शेजारी जमिनीत लावलेलं झाड दोन पावसाळे कसंबसं उभं राहिलं आणि मग मुळातून कुजलं. माझं मोठ्या ड्रममध्ये आहे, तळाला भरपूर भोकं, खाली विटा, मिश्रणात माती कमी आणि जाडी रेती, विटांचा चुरा, कुजलेलं शेणखत जास्त. जूनमध्ये ड्रम पत्र्याच्या पडवीत सरकवते. ऊन थोडं तरी लागेल अशी जागा, पण पाऊस अंगावर नको.
तांबेरा हा बुरशीचा रोग येतोच. पानांच्या खाली तपकिरी पुळ्या, आणि बघता बघता झाड बोडकं. श्रावणात झालं तर मी आता घाबरत नाही, नाहीतरी तेव्हा पानं गळायलाच हवी असतात. गळलेली पानं मात्र गोळा करून जाळायची, कुंडीत कुजू द्यायची नाहीत, आणि छाटणी झाली की बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारायचं. तोच तांबेरा फळं धरलेली असताना आला तर त्या वर्षीचं पीक गेलं म्हणून समजा.
चवीचं खरं सांगू? एप्रिलमधलं फळ चांगलं गोड लागतं, पण सासवडचं खाल्लेल्या माणसाला कळतं. साल जराशी जाड, आणि गर मऊ असला तरी सैल. समुद्राजवळची दमट हवा. रात्री गारवा नाही. मी त्याला दहापैकी सात देईन, आणि नवरा नऊ देतो, कारण तो सासवडला कधी गेलेला नाही.

कडेलोट
आंब्याच्या झाडाजवळ लावू नका! आंब्याच्या खोडात शिरतं ते भिरूड अंजिरालाही सोडत नाही. तोच भुंगा. बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला की समजा आत अळी आहे. भोकात तार घालून अळी ओढून काढा, भोक चिखलाने लिंपा. लहान झाड आतून पोकळ झालं तर एका वाऱ्यात आडवं होतं.

देवगिरी
इकडे छत्रपती संभाजीनगरहून. पुरंदरवाल्यांचा आदर ठेवून सांगतो, दौलताबादचं अंजीर खाल्लंय का कुणी? इथलं दिनकर हे वाण आकाराला आणि गोडीला पुरंदरपेक्षा कमी नाही. उन्हाळा आमचा जास्त कडक. अडचण काळ्या जमिनीची. भारी जमिनीत झाड नुसतं माजतं, पानं हाताएवढी आणि फळ मोजकं. वरंबा करून, मुरूम मिसळून लावलं की जमतं. नागपूर-अमरावतीकडच्यांनीही हेच करावं, आणि मे महिन्यातल्या दुपारी कोवळ्या झाडाच्या खोडाला चुना लावावा, नाहीतर साल भाजून तडकते.

दिवेघाट
देवगिरी साहेब, दिनकर चांगलंच आहे, वाद नाही. या एकदा मार्चमध्ये, समोरासमोर ठेवून खाऊ.

चहाटळ
परीक्षक म्हणून मी मोफत उपलब्ध आहे.

हडसनकाठ
बहिणीसाठी लिहितेय, कारण मी तिच्याच राज्यात आहे.
पहिलं: काड्या पाठवू नका. परदेशातून लागवडीसाठी अंजिराच्या काड्या अमेरिकेत आणायच्या तर परवाना लागतो, क्वारंटाइन लागतं. बॅगेत सापडल्या तर जप्त होतात आणि दंडही होऊ शकतो. शिवाय काडीबरोबर तांबेरा आणि पानांवर ठिपके पाडणारा मोझॅक विषाणू फुकट जातो, तो वेगळाच.
दुसरं: तिथे पूना अंजिराचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. इथला हंगामच मुळी छोटा. मे उजाडेपर्यंत थंडीची धास्ती, ऑक्टोबरात पुन्हा हिमकण. तापमान उणे आठ-दहाच्या खाली गेलं की फांद्या जमिनीपर्यंत मरतात, वसंतात बुडख्यातून पुन्हा फुटतात, आणि त्या नव्या फुटीवरचं फळ पिकायच्या आत थंडी परत येते. म्हणून लवकर पिकणारं आणि थंडी सोसणारं वाण घ्यायचं. शिकागो हार्डी सगळ्यात निर्धास्त. रोंद द बोर्दो लवकर येतं, फळ लहान पण चव दाट. ब्लॅक मडेराची सगळे हौशी लोक तारीफ करतात आणि ती रास्त आहे, पण ते फार उशिरा पिकतं. गरम काचघर असल्याशिवाय त्याच्या मागे लागू नये.
इथल्या जुन्या इटालियन वस्त्यांमध्ये लोक थंडीच्या आधी झाडाला गोणपाट आणि ताडपत्री गुंडाळून बांधून ठेवतात, काही जण तर एका बाजूची मुळं तोडून अख्खं झाड चरात आडवं करून मातीखाली पुरतात. मी तेवढी कष्टाळू नाही. कुंडीत लावलंय, पानं गळाली की गॅरेजमध्ये. तिथे उजेड नको, गारवा हवा, आणि महिन्यातून एखादा तांब्या पाणी. जूनमध्ये नव्या फांदीला पाच-सहा पानं आली की शेंडा खुडते, म्हणजे झाड उंच जायचं सोडून फळ धरतं.
सप्टेंबरातल्या कोरड्या आठवड्यात पिकलेलं फळ फार सुंदर लागतं, जॅमसारखं, बोरांच्या अंगाची आंबटसर छटा असलेलं. पण ते पुरंदरचं नव्हे. बहिणीला सांगा, तुलना करू नकोस, सुखी राहशील.

अंगणवेडी
हडसनकाठ ताई, हे जसंच्या तसं तिला पाठवलंय. ती म्हणते गॅरेज आहे, नवराही आहे, कुंडी उचलायचा प्रश्न सुटला.

वाळूतला
दुबईत व्हिलाच्या अंगणात आहे. उष्णतेचं अंजिराला काही वाटत नाही, पाणी मात्र रोज, ठिबकने, आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं जाड आच्छादन. वाळूत सूत्रकृमी मुळांना गाठी करतात, त्यामुळे कंपोस्ट भरपूर. पक्षी आधी खातात, आपण नंतर. जाळी लावा.

गच्चीबाग
कोथरूडच्या गच्चीवर माझं झाड आहे. पुण्यातच असल्यामुळे हवामानाचं फारसं दुखणं नाही. मला सांगायचंय ते तोडण्याबद्दल, कारण निम्मी चव तिथे जाते. अंजीर झाडावरून काढलं की पुढे गोड होत नाही. मऊ पडेल, रंग बदलेल, पण साखर वाढणार नाही. बाजारात जातं ते प्रवास सोसावा म्हणून थोडं कडक असतानाच काढलेलं असतं. घरच्या झाडाचा खरा फायदा हाच. देठाशी मान वाकून फळ खाली लोंबायला लागलं, सालीवर बारीक रेघा उमटल्या, खालच्या डोळ्याशी रसाचा थेंब दिसला, की काढायचं. देठातून चीक आला तर अजून कच्चं आहे. तो चीक हाताला लावून उन्हात उभं राहू नका, फोड येतात. तोडायचं सकाळी, आणि खायचं त्याच दिवशी. फ्रिजमध्ये ठेवलंत तर खाण्याआधी तासभर बाहेर काढा.

साजूक
एक शंका. वाण्याकडे दोरीत ओवलेलं सुकं अंजीर मिळतं तसं आपल्या अंजिराचं घरी सुकवता येईल का? आणि अंजिरात किडा असतो म्हणतात ते खरं का? आमच्याकडे आजी चातुर्मासात खायची नाही.

दिवेघाट
दोरीतलं बहुतेक अफगाणिस्तानातून येतं. तुर्कस्तानचं नावाजलेलं सुकं अंजीर सारीलोप जातीचं, तिला फळ धरायला बारीक गांधीलमाशी आत जाऊन परागीकरण करावं लागतं. बिया भरलेल्या असतात म्हणून ते खाताना कुरकुरतं. आमच्या अंजिराला माशी लागतच नाही, परागीकरणाशिवाय फळ धरतं. तेव्हा आजींना सांगा, उंबरातले केंबरे यात नाहीत.
सुकवायला आमचं फळ फारसं सोयीचं नाही. पाणी जास्त, साखर त्या मानाने कमी, सुकून चामडं होतं. सुकवायचंच तर डायना जात लावतात लोक. आमच्या जास्तीच्या मालाचा जॅम, रस होतो. पुरंदरच्या अंजिराचा रस २०२४ साली पोलंडलाही गेला.

साजूक
आजी नाही राहिली, पण आईला सांगते. तिने आजीचा नेम पुढे चालवलाय.

अंगणवेडी
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: पूना अंजीरच, पण जमिनीत नाही, ड्रममध्ये. घराच्या पूर्वेला, आंब्यापासून लांब, पावसाळ्यात पडवीत. फक्त मीठा बहार. नर्सरीत चौकशी केली तर एकाने "बारमाही, वर्षभर फळ देणारं" म्हणून भलतंच काहीतरी दाखवलं. दादा, खात्रीचं रोप कुठे मिळेल?

दिवेघाट
वर्षभर फळ देतो म्हणणाऱ्याकडून रोप घेऊ नका. जाधववाडीला कृषी विद्यापीठाचं अंजीर आणि सीताफळ संशोधन केंद्र आहे, तिथे आधी चौकशी करा. त्यांनी काढलेलं फुले राजेवाडी हे वाणही विचारून बघा. नाहीतर ओळखीच्या बागेतून गुटी, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप, घ्या. गुट्या पावसाळ्यात बांधतात. पेन्सिलीपेक्षा जाड, निरोगी फांदी, आणि ज्या झाडाचं फळ मार्चमध्ये तुम्ही स्वतः खाल्लंय त्याच झाडाची. तेव्हा या मार्चमध्ये या, झाड निवडून खूण करून जा.

मांडवीतीर
आणि ड्रम भरायच्या आधी जागेवर ठेवा. भरल्यावर हलत नाही. चाकांची फळी खाली घातलीत तर उत्तम.

कडेलोट
वटवाघळांचं कुणीच बोललं नाही. कोकणात पक्ष्यांपेक्षा तीच जास्त. मान वाकायला लागलेल्या प्रत्येक फळाला जाळीदार कापडाची पिशवी बांधा, प्लॅस्टिकची नको, आत घाम धरून फळ आंबतं.

चहाटळ
मार्चमध्ये दादांच्या बागेत कोण कोण येतंय? हात वर करा. देवगिरी, आपलं दिनकर घेऊन या.