नडगी दुखते, पण भरतीचा सराव सोडवत नाही. काय करू?

नमस्कार. मी फलटण तालुक्यातल्या एका गावात राहते आणि महिला पोलीस शिपाई भरतीची तयारी करते आहे. लेखीचा अभ्यास आधीपासून चालू आहे, पण पळणं माझ्यासाठी अगदी नवीन. दिवाळीनंतर तालुक्याच्या एका अकॅडमीत नाव घातलं आणि तिथे थेट मुरलेल्या मुलींच्या बरोबरीने पळायला लावलं. सकाळी डांबरी रस्त्यावर लांब पल्ला, संध्याकाळी मैदानावर 800 मीटरचे राउंड. सुट्टी फक्त रविवारी.

आता दोन्ही नडग्या आतल्या बाजूने दुखतात, डावी जास्त. घोट्याच्या वर चार बोटांपासून पोटरीच्या मध्यापर्यंत हाडाच्या कडेने अंगठा दाबत नेला की सगळीकडे ठणकतं. पळायला लागल्यावर पहिली काही मिनिटं जास्त दुखतं, अंग तापलं की कमी होतं, आणि घरी येऊन बसलं की पुन्हा सुरू. सकाळी अंथरुणातून उठून पहिली पावलं टाकताना लंगडते.

अकॅडमीतले सर म्हणतात, "नवीन पोरींना होतंच, पळत राहा, आपोआप मोडेल." मैत्रिणी काचेची बाटली नडगीवर जोरात रगडतात, मीही रगडली, पण दुसऱ्या दिवशी हात लावू देईना. आई रात्री मिठाच्या पुरचुंडीने शेकते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

मैदानीच्या 50 गुणांपैकी 800 मीटरला 20 आहेत आणि पूर्ण गुणांसाठी 2 मिनिटं 50 सेकंदांत यावं लागतं. थांबले तर आत्ता कुठे आलेला दम जाईल, अशी भीती वाटते. दुखणं अंगावर काढून पळत राहावं का? थांबायचं तर किती? आणि हे हाडाचं काही मोठं दुखणं आहे का, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? एक्स-रे काढू का?

प्रतिसाद

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. भरतीचा हंगाम जवळ आला की अशी मुलंमुली सतत येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही सांगितलेली लक्षणं बहुतेक शिन स्प्लिंटची, म्हणजे पळण्याच्या अति ताणाने नडगीच्या हाडाची कड दुखण्याची आहेत. दर पावलाला नडगीचं हाड किंचित वाकतं, आणि पोटरीचे स्नायू जिथे त्याला धरून असतात तिथेही ताण येतो. हाड त्यावर स्वतःला मजबूत करून घेतं, पण त्याला वेळ लागतो. दम काही आठवड्यांत वाढतो, हाडाला महिने लागतात. म्हणून छाती "पळ" म्हणते तेव्हा नडगी तयार नसते. तुमच्या पायात दोष नाही, वाढ फार झपाट्याने झाली.

आता ओळखायचं कसं. अंगठ्याने दाबल्यावर पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल तर शिन स्प्लिंटची शक्यता जास्त. एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागी कळ येत असेल, रात्री झोपेत ठणकत असेल, पळताना दुखणं कमी न होता वाढतच जात असेल, किंवा त्या एका पायावर उडी मारता येत नसेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग पळणं त्याच दिवशी बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. अशी चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल" म्हणून निर्धास्त होऊ नका. शंका राहिली तर डॉक्टर एमआरआय सांगतात. पळताना नडगीच्या बाहेरच्या बाजूला घट्ट आवळल्यासारखं होऊन पाऊल बधिर पडत असेल तर ते दुखणं वेगळं, तेही दाखवा.

यातलं काही नसेल तर: बाटली आजपासून बंद. हाड रगडून काही मिळत नाही, मागची पोटरी मात्र हाताने हलकी चोळा. कापडात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवलात तर ठणका कमी होतो, आईंचा शेकही चालेल. वेदनाशामक गोळी घेऊन पळायला मात्र मुळीच जाऊ नका, हाडाची तक्रार ऐकूच येणार नाही.

पळणं थांबवा, हालचाल थांबवू नका. सायकल चालवा, जवळ विहीर किंवा तलाव असेल आणि पोहता येत असेल तर पोहा, दम टिकतो. भरभर चालून दुखेनासं झालं की एक मिनिट हळू पळणं, दोन मिनिटं चालणं, असं सुरू करा, तेही एक दिवसाआड आणि मुरमाच्या किंवा मातीच्या रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना नडगी काय म्हणते तेच तुमचं माप. दुखणं वाढलं तर मागच्या टप्प्यावर या.

पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करा, आधी गुडघा सरळ ठेवून, मग किंचित वाकवून. वाकवलेल्या गुडघ्याने पोटरीचा खोलवरचा स्नायू कामाला लागतो आणि पळताना तोच सर्वांत जास्त भार घेतो. पळताना ढांग लांब टाकू नका, पावलं लहान आणि थोडी जलद ठेवा, नडगीवरचा दणका कमी होतो.

एक विचारते, राग मानू नका. पाळी नियमित आहे का? भरतीच्या नादात मुली वजन कमी करायला जेवण तोडतात, पाळी चुकायला लागते आणि हाडं कमकुवत होतात. तसं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. भाकरी, डाळ, दूध, तीळ, नाचणी पोटभर खा.

प्रतिसाद

मी भरती होऊन आता नोकरीत आहे. मलाही हेच झालं होतं, ताई. त्या काळात मी गोळा फेकण्यावर जोर दिला. त्याला 15 गुण आहेत, आपल्याला 4 किलोचा असतो आणि जागेवरून फेकायचा सराव करताना नडगीला धक्का बसत नाही. सगळ्या पोरी 800 मीटरच्या मागे असतात आणि गोळ्याचे गुण सोडून येतात. सरांना स्पष्ट सांगा की दुखतंय, मी महिनाभर वेगळा सराव करते. ऐकलं नाही तर घरी करा.

प्रतिसाद

बुटांचा तळवा वाकवून बघा. मधूनच दुमडत असेल किंवा टाच एका बाजूने झिजली असेल तर बदला. महागडे नकोत, पण बाजारात मिळणारे पांढरे कॅनव्हासचे रोजच्या डांबरी रस्त्यावर पळायला पुरत नाहीत.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता अंगठ्याने पुन्हा दाबून पाहिलं. उजवीकडे लांब पट्टाच दुखतो. डावीकडे पट्टा आहेच, पण मध्ये एका जागी जरा जास्त कळ येते. उडी मारता येते, दुखतं. रात्री जाग येत नाही. पाळी गेल्या दोन वेळा लांबली होती. आईला आजच सांगितलं.

प्रतिसाद

मग डावा पाय डॉक्टरांना दाखवूनच घ्या, येत्या दोन-चार दिवसांत. तोवर एक पाऊलही पळू नका, उड्या मारून पुन्हा तपासूही नका. पाळीचंही तिथेच सांगा, ते ड जीवनसत्त्वाची तपासणी करायला सांगतील. आई सोबत असू देत. काय निघालं ते इथे लिहा, पुढचा सराव त्यावरून ठरवू.