बेडकांतील परजीवी कृमींची जनुकीय ओळख: ९८ टक्के जुळणी पुरेशी आहे का?

प्रश्न
मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत आहे. वन विभागाच्या परवानगीने तपासलेल्या टोडच्या (खरखरीत कातडीच्या बेडकाच्या) फुप्फुसांत मला गोलकृमी सापडले. आमच्या विभागातील जुन्या बाटल्यांवर अशाच कृमींचे नाव ‘रॅब्डियास ब्युफोनिस’ असे लिहिलेले आहे. मात्र माझ्या नमुन्याचा २८एस या जनुकभागाचा सिक्वेन्स (डीएनएतील अक्षरांचा क्रम) जेनबँकेत, म्हणजे सिक्वेन्सच्या सार्वजनिक संग्रहात, ताडून पाहिला, तेव्हा ९८ टक्के जुळणारी सर्वांत जवळची नोंद दुसऱ्याच प्रजातीची निघाली. प्रबंधात यांपैकी कोणते नाव द्यावे?

प्रतिसाद १
तूर्तास कोणतेही देऊ नये. ९८ टक्के याचा अर्थ इतकाच, की जेनबँकेत आजवर जमा झालेल्यांपैकी ती नोंद सर्वांत जवळची आहे. तुमची प्रजाती तिथे मुळात नसेलही. २८एस हा भाग सावकाश बदलतो, त्यामुळे त्यावरून वंश खात्रीने ठरतो, पण जवळच्या प्रजाती वेगळ्या करण्यासाठी आयटीएस आणि मायटोकॉन्ड्रियातील (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातील) सीओएक्स१ हे अधिक वेगाने बदलणारे भागही वाचावे लागतात.

रॅब्डियास या वंशाच्या बाबतीत जनुकांवाचून गत्यंतर नाही, कारण गोलकृमी ओळखताना आपण ज्या नराच्या शेपटीकडील काट्यांवर भिस्त ठेवतो, तो नर फुप्फुसात नसतोच. तिथे केवळ उभयलिंगी पिढी राहते. नर-मादी वेगळे असतात ते मातीत मुक्तपणे जगणाऱ्या पिढीत. जनुकांनी उलगडा झाल्याचे एक उदाहरण पाहा: १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियात आणलेल्या केन टोड या मूळच्या अमेरिकी टोडच्या फुप्फुसातील कृमी तिथल्या स्थानिक बेडकांकडून आला असावा, असा समज बराच काळ होता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने तो दक्षिण अमेरिकेतील ‘रॅब्डियास स्यूडोस्फेरोसेफाला’ असल्याचे, म्हणजे टोडबरोबरच आल्याचे दाखवले.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे. नमुन्यांविषयी थोडी भर घालतो. फॉर्मॅलिनमधील कृमींचा डीएनए तुटलेला असतो, म्हणून ते शरीररचनेसाठी ठेवावेत आणि जनुकांसाठी ९५ टक्के अल्कोहोलमधील कृमी घ्यावेत. अख्खा कृमी विरघळवू नये. मधला तुकडा डीएनएसाठी कापून डोक्याकडचा व शेपटीकडचा भाग त्याच क्रमांकाने जपावा, म्हणजे सिक्वेन्स नेमका कोणत्या कृमीचा, हे पुढच्या अभ्यासकालाही तपासता येईल.

सूक्ष्मदर्शकाखाली या कृमीच्या अंगातून काळपट रेघ दिसते. ते त्याचे आतडे असून त्यात टोडचेच रक्त असते. म्हणून सर्व प्राण्यांसाठीचे सरसकट प्रायमर (डीएनएचा हवा तो भाग वाढवण्यासाठीचे छोटे तुकडे) वापरल्यास सीओएक्स१ टोडचा येण्याचा धोका असतो. गोलकृमींसाठीचे प्रायमर वापरावेत आणि हाती आलेला सिक्वेन्स यजमानाच्या, म्हणजे टोडच्या, सिक्वेन्सशीही ताडून पाहावा.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. मग बाटल्यांवरील जुने नाव चुकीचे मानावे का?

प्रतिसाद १
चुकीचे नव्हे, अनिर्णित मानावे. ‘ब्युफोनिस’चे वर्णन १७८८ मध्ये युरोपातील बेडकावरून झालेले आहे, त्यामुळे तिथल्या नमुन्यांचे आयटीएस आणि सीओएक्स१ तुमच्या सिक्वेन्सशेजारी मांडूनच निर्णय घ्यावा. तोवर ‘रॅब्डियास एसपी.’ (वंश ठरला, प्रजाती अजून नाही) असे लिहावे आणि जेनबँकेत नोंद करताना यजमानाचे नाव व ठिकाण न चुकता द्यावे.