हळदीकुंकवाची पत्रिका आणि हाताच्या वळणाचा फॉन्ट

हस्ताक्षरासारखे फॉन्ट बालिश दिसतात, असं काहीजण म्हणतात. मला नाही पटत. सगळी पत्रिका त्यात लावली तर वाचणारा दमतो, एवढं मात्र खरं. इथे इंदूरला आमच्या हळदीकुंकवाची पत्रिका मीच करते. ‘अगत्य येण्याचं करावं’ ही एकच ओळ ‘कलम’ या हाताच्या वळणाच्या फॉन्टात ठेवते, पत्ता, वेळ साध्या सरळ फॉन्टात. बारीक स्केचपेनने लिहिल्यासारखी ती तिरकी अक्षरं बघून आमंत्रण घरातून आल्यासारखं वाटतं. इंडियन टाइप फाउंड्रीचा हा फॉन्ट गूगलवर फुकट आहे, हलका, साधा, ठळक अशा तीन जाडींत.

पण एक गोष्ट जरूर बघा. आमच्याकडचे बहुतेक डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवणारे, हिंदी वळणाची अक्षरं वापरणारे. मागे एका प्रुफात ‘लाडू’चा ल दंडाचा, म्हणजे हिंदीसारखा उजवीकडे उभी रेघ असलेला आला होता, आणि मला तो फार खटकला. आपल्या मराठी वळणात ल पाकळीचा, म्हणजे उभ्या रेघेऐवजी पाकळ्यांसारखा गोलसर, आणि श देठाचा. त्यामुळे कुठलाही फॉन्ट घेण्याआधी मी ‘लाडू, शाल, दुसऱ्या’ एवढे तीन शब्द टाइप करून, कागदावर छापून बघते. ‘ऱ्या’ तुटला तर तो फॉन्ट बाद.