मदत हवी आहे: मुलाच्या पगारातून चर्चचे पैसे कापलेत, कसे थांबवायचे?

कडकभाकरी: मुलगा तिकडे नोकरीला लागलाय. पहिल्याच पगाराच्या स्लिपवर चर्चच्या नावाने ३४ युरो वजा! विचारलं तर म्हणतो, "बाबा, इथला कायदाच आहे." अहो, आमच्या सोलापुरात दानाची पिशवी फिरते, ज्याला जमेल तेवढं तो टाकतो. पाळकसाहेब कधी पगार विचारत नाहीत. आणि हा पठ्ठ्या तिथे चर्चला गेलाय दोनदा. अर्ज कुणाकडे करायचा? लवकर सांगा.

निवांत: तिकडे म्हणजे कुठे? युरो वीसेक देशांत चालतो.

कडकभाकरी: जर्मनी की ओ. लिहिलं नव्हतं का?

रेल्वेलाइन: पगाराच्या ९ टक्के कापतात. मी कोलोनला सहा वर्षं काढलीत.

चिकित्सक: सहा वर्षं काढलीत, पण स्लिप वाचली नाही वाटतं. पगाराच्या नाही, इन्कम टॅक्सच्या ९ टक्के. बव्हेरिया आणि बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये ८. काका, शहर कोणतं?

कडकभाकरी: स्टुटगार्ट.

चिकित्सक: मग ८. टॅक्स ४२५ च्या आसपास असेल बघा, त्याचे ३४. पत्ता नोंदवताना फॉर्मवर धर्म विचारतात, तिथे त्याने 'एव्हांगेलिश', म्हणजे प्रोटेस्टंट, लिहिलं असणार. कंपनी टॅक्सबरोबरच कापते.

रेल्वेलाइन: नाव काढून टाका म्हणावं. मी काढलं. आता इंग्रजी उपासनेच्या फ्री चर्चला जातो. तिथे हा कर नाही, पिशवीच फिरते.

आशाताई: नाव काढणं म्हणजे मंडळी सोडणं. उद्या मित्राच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभं राहायचं झालं तर?

रेल्वेलाइन: ताई, आधी मित्र तरी होऊ देत. जर्मन आहेत ते.

पुणेरीपाहुणा: कुणी जाणार असेल तर शेंगाचटणी पाठवा. पेढे, तूप नको, युरोपात दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. आईने बांधून दिलेला पेढ्यांचा डबा माझ्या डोळ्यांदेखत कचऱ्यात गेला.

कडकभाकरी: चटणीचं कुणी विचारलं? अर्ज कुणाकडे, ते सांगा!

चिकित्सक: स्टान्डेसआम्ट. जन्म-लग्नाच्या नोंदी होतात ते ऑफिस. पाळकांना सांगून होत नाही. फी भरायची, आणि जायचं त्याने स्वतः. सोलापुरातून तुमचा अर्ज चालणार नाही.

कडकभाकरी: रात्री फोन झाला. नाव काढणार नाही म्हणतो. मध्यंतरी रविवारी सकाळी वॉशिंग मशीन लावलं, तर खालच्या मजल्यावरची आजी वर आली. रविवारी आवाज करायचा नसतो म्हणे. पुढच्या रविवारी तीच त्याला चर्चला घेऊन गेली, उपासनेनंतर कॉफी पाजली. भाषा कळत नाही, पण सगळे उभे राहून एका सुरात म्हणायला लागले की प्रभूची प्रार्थना आली हे कळतं. हा आपली मराठीतून म्हणतो. मी विचारलं, ३४ युरो म्हणजे तीन हजारांच्या वर रुपये, ते आजी भरणार का? फोनच ठेवला.

निवांत: मशीन शनिवारी लावायला सांगा.