टियर गल्लीतले नियम असतील तर असू देत, पण पोरखेळ म्हणू नका

अनगोळकर
पोकेमॉनच्या लढतींसाठी स्मोगॉन ह्या चाहत्यांच्या साइटनं टियर, म्हणजे वर्ग, पाडलेत. काल एकानं इथं लिहिलंय, "स्मोगॉनचे टियर म्हणजे गल्लीतले नियम. कंपनीनं ठरवलं तेच खरं. डबल्स हीच खरी स्पर्धा, बाकी पोरखेळ." (डबल्स म्हणजे दोन-दोन पोकेमॉन एकदम मैदानात, सिंगल्स म्हणजे एकास एक.) रात्रभर ते डोक्यात फिरत होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

2017 साली मी पीयूसी पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला होतो. मित्राच्या गच्चीवर आठ जणांची टुर्नामेंट लावली, सगळे मोबाईलवर शोडाउन, म्हणजे लढती खेळायची साइट, उघडून. नियम एकच, काय पाहिजे ते आणा. पाच जणांनी आर्सिअस आणला, तिघांकडे मेगा रेक्वाझा, दोन्ही खेळातले सगळ्यात ताकदवानांपैकी. माझा धाकटा भाऊ तेव्हा सहावीत होता. तो कार्टूनमधला त्याचा लाडका ब्लास्टॉइज घेऊन आला होता. त्याची अख्खी टीम काही मिनिटांत आडवी झाली. कुणाला काही न बोलता तो जिना उतरून खाली गेला आणि पुन्हा कधी खेळायला बसला नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही एनयू लावलं, म्हणजे खालचं टियर, बलाढ्य पोकेमॉन बाहेर. त्या दिवशी पहिल्यांदा लढती तासभर चालल्या, लोक स्विच करायला लागले, समोरचा काय करणार याचा विचार करायला लागले. सहा विरुद्ध सहा सिंगल्सचे नियम कंपनीनं दिलेलेच नाहीत. 2004 पासून स्मोगॉनवरच्या लोकांनी पदरचा वेळ घालून ते बसवले. स्लीप क्लॉज (एका वेळी समोरच्या एकालाच झोपवायचं), इव्हेजन क्लॉज (डबल टीमसारख्या, फटके चुकवायला लावणाऱ्या मूव्हना बंदी), एका फटक्यात मारणाऱ्या मूव्हना बंदी, हे सगळं कुणीतरी कंटाळून, भांडून ठरवलंय. त्याला पोरखेळ म्हणणाऱ्यानं एकदा डबल टीम सहा वेळा मारलेल्या गड्याशी खेळून बघावं.

शहापूर_पेठ
ते मीच लिहिलंय आणि आजही तेच म्हणतो. काय बोलालास बे! लोकांनी ठरवलं म्हणजे कोणत्या लोकांनी? सस्पेक्ट टेस्टला, म्हणजे बंदीच्या मतदानाला, मत द्यायचं तर आधी लॅडरवर, ऑनलाइन क्रमवारीत, ठरलेला जीएक्सई, म्हणजे जिंकण्याच्या शक्यतेचा आकडा, गाठायचा. आमच्याकडं संध्याकाळी ऐन लढतीत लाईट जाते, राउटर बंद, टायमर संपतो, हार माझ्या नावावर. दोन टेस्ट अशाच गेल्या. ज्याच्याकडं दिवसभर वेळ आणि इन्व्हर्टर, त्याचंच मत.

माझा ब्लेझिकेन बघा. एमराल्ड गेममध्ये टॉर्चिक ह्या त्याच्या पिल्लापासून वाढवलेला. पाचव्या पिढीच्या गेममध्ये स्पीड बूस्ट, दर टर्नला वेग वाढायची शक्ती, मिळाला आणि ह्यांनी उचलून उबर्सला, सगळ्यात ताकदवानांच्या टियरला, टाकला. तिथं त्या देवांच्या गर्दीत त्यानं काय करायचं?

आणि 2014 ची वर्ल्ड्स विसरलात का? पाचिरिसू घेऊन माणूस जगज्जेता झाला. तुमच्या टियरमध्ये पाचिरिसू कुठं? अगदी तळाला. मग कुणाचं मोजमाप चुकलं?

खानापूरवाला
टियर नको म्हणणाऱ्यांनी जत्रेतली कुस्ती बघितलीच नाही. मातीत वजनकाटा नसतोय, पण पंच दोन्ही पैलवान समोर उभे करून अंगानं, उंचीनं, मागच्या कुस्त्या आठवून जोड लावतात. विजोड कुस्ती लावली तर पब्लिक बोंब मारते. टियर म्हणजे तेच.

निपाणीची_लेक
शहापूर, पाचिरिसू डबल्समध्ये जिंकला. फॉलो मी मारून शेजारच्यावरचे हल्ले अंगावर घेत होता. सिंगल्समध्ये शेजारी कुणी नसतोच, मग फॉलो मीचा उपयोग काय? दोन वेगळे खेळ आहेत. दुसरं, टियर म्हणजे ताकदीचा शिक्का नव्हे, तो वापराचा हिशेब आहे. सध्याची रेषा 4.52 टक्के. 15 लढतींत एकदा तरी समोर येण्याची शक्यता निम्मी, तो ओयू, म्हणजे मुख्य टियर. पूर्वी 3.41 होती, 20 लढतींवर. वापर कमी पण खालच्या टियरला झेपत नाही, त्यांच्यासाठी बीएल, मधली यादी, आहे. हे कुणाच्या आवडीनिवडीवर ठरत नाही.

अनगोळकर, तुम्हीही एक चुकलात. गेममध्ये रँक्ड सिंगल्स आहे, सहातले तीन निवडून. कंपनीनं सिंगल्सला वाऱ्यावर सोडलंय असं म्हणू नका.

शहापूर_पेठ
वापराचा हिशेब, मान्य. पण बंदी हिशेबानं होत नाही, मतानं होते. 2019 ला आलेलं, पोकेमॉन फुगवणारं डायनामॅक्स काढलं आणि टाईप बदलणारं टेरा ठेवलं, ह्यात तर्क सांगा.

उचगावकर_काका
खानापूरवाला, मातीची कुस्ती मध्ये आणलीस म्हणून बोलतो. माझा मुलगा हा गेम खेळतो, मला त्यातलं कळत नाही, पण जोड कशी लागते ते कळतं. पंच नजरेनं जोड लावतो, कारण त्याला पैलवानाची छाती दिसते. मॅट आल्यावर वजनगट आले, तीन-तीन मिनिटांचे दोन राउंड आले, गुण आले. पोरं गुण मोजून पळत सुटतात. निकाली कुस्ती राहिली कुठं? तुमचे ते टक्के म्हणजे मॅटवरची कुस्ती झाली, मातीची नव्हे.

खानापूरवाला
काका, मान ठेवून सांगतो, माझ्या थोरल्या मामाचा गुडघा विजोड कुस्तीत गेला. पंचाच्या ओळखीचा पैलवान होता, त्याला सोपा गडी पाहिजे होता, मामाला पुढं केलं. आज मामा शेतात बांध चढताना काठी घेतोय. तिथं वजनकाटा असता तर ती कुस्ती लागलीच नसती. नजरेवर सोडलं की नजर कुणाची, हा प्रश्न येतोच.

उचगावकर_काका
तो पंच वाईट होता. त्यावरून सगळ्या पंचांना बोल लावू नकोस. मी स्वतः वीस वर्षं जोडी लावल्यात आणि माझ्या हातून कुणाचं हाड मोडलं नाही. काट्यावर सारख्या वजनाचे दोघे उभे केलेस आणि एकाला दहा वर्षांची मेहनत, दुसरा कालचा पोर, तर ती जोड झाली का? वजन सारखं म्हणजे तोल सारखा नव्हे.

शहापूर_पेठ
अहो काका, मी हेच सांगतोय की! वापर कमी म्हणजे कमजोर नव्हे.

निपाणीची_लेक
आणि मीही तेच सांगितलं, तू वाचलं नाहीस. डायनामॅक्सचं उत्तर घे. तीन टर्न जवळजवळ कुणीही फुगतो, जीव दुप्पटीपर्यंत जातो, वर प्रत्येक मॅक्स मूव्हचा आणखी फायदा. कधी करणार याचा अंदाज चुकला की लढत तिथंच संपली. टेरामध्ये टाईप बदलतो, जीव तेवढाच राहतो. मला टेराही नकोसा आहे, पण दोन्ही एकच म्हणू नकोस. बंदीला 60 टक्के मतं लागतात, ती सहजासहजी मिळत नाहीत.

लाईटचं मात्र तुझं खरं आहे. माझ्याही दोन लढती अशाच गेल्यात.

अनगोळकर
रँक्ड सिंगल्सचं मी विसरलो, माझी चूक. पण सहातले तीन म्हणजे टीमचा अर्धा विचार बाहेरच बसतो.

शहापूर, तुझ्या ब्लेझिकेनबद्दल राग समजतो. पण उबर्सही टियरच आहे, खेळायचाच. आणि मेगा रेक्वाझा जेव्हा उबर्समध्येही बसेना, तेव्हा ह्याच लोकांनी त्याच्याही वर एनिथिंग गोज, सगळं चालतं असं टियर, काढलं. हाकलून कुणाला दिलं नाही. एनयूच्याही खालच्या पीयू टियरपर्यंत जागा केली म्हणून माझ्या गच्चीवर ब्लास्टॉइजसारख्यांना लढता आलं. कंपनीच्या नियमांत माझ्या भावासारखा कुणीही दुसऱ्या दिवशीही जिना उतरला असता.

शहापूर_पेठ
भाऊ मध्ये आणलास की माझं तोंड बंद होतं, हे तुला माहीत आहे. बरं, पोरखेळ हा शब्द मागे घेतो. मतदानाबद्दल घेत नाही. ज्याच्या घरी लाईट टिकते त्यानं माझा पोकेमॉन काढायचा, हे मला शेवटपर्यंत पटणार नाही.

रविवारी सकाळी नऊला, लाईट असते तेव्हा. पाचवी पिढी, एनयू. मी चारिझार्ड आणतोय. स्टेल्थ रॉक, मैदानात येणाऱ्याला लागणारे दगड, टाकणार हे गृहीत धरून येतोय, अर्धा जीव जातो माहीत आहे, ते दगड उडवणारा स्पिनर घेतलाय.

अनगोळकर
येतो. भावालाही विचारतो.

उचगावकर_काका
खानापूरवाला, मामा कुठल्या गावचे? त्या जत्रेला मीही असेन कदाचित.