मदत हवी आहे: रोड बाइकचा मागचा टायर मधोमध सपाट झालाय, आता बदलू की अजून चालेल?

तिसरा_गिअर

रोड बाइक, ७०० × २५सी (म्हणजे साधारण २५ मिमी रुंद) टायर, आत साधी ब्युटाइल ट्यूब, रिम ब्रेक. दोन्ही टायर एकदमच बसवलेले, चार-पाच हजार किमी झाले असतील. सध्याची अवस्था:

मागचा: मधोमध साधारण १० मिमी रुंदीचा सपाट पट्टा पडलाय, बोट आडवं फिरवलं की पट्ट्याची कड जाणवते. झिजेची खूण म्हणून कंपनीने दिलेल्या दोन बारीक खड्ड्यांपैकी एक दिसतो, दुसरा जवळपास गेलाय. आतले दोरे कुठेही उघडे नाहीत. पंक्चर मात्र वरचेवर व्हायला लागलंय.

पुढचा: गोलाई शाबूत. पण रबरावर ४ मिमीचा एक आडवा काप आहे आणि साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) बारीक भेगा दिसतात.

मागचा लगेच काढायला हवा का? की पुढचा मागे आणि मागचा पुढे केला तर अजून हजारभर किमी निघतील?

चढण_उतरण

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: झिजलेला टायर पुढे कधीही लावायचा नाही. मागच्या टायरची हवा अचानक गेली तर सायकल झोकांड्या खाते, पण बहुतेक वेळा सावरून थांबता येतं. पुढच्याची वळणावर किंवा उतारावर गेली तर हॅन्डल ऐकतच नाही, थेट जमिनीवर. रोड बाइकवर निम्म्याहून जास्त वजन मागच्या चाकावर असतं, शिवाय पेडलचा सगळा जोर तिथूनच रस्त्याला लागतो. म्हणून मागचा साधारण दुप्पट वेगाने झिजतो. रीत अशी: नवा टायर पुढे, पुढचा मागे, मागचा भंगारात.

किमीच्या आकड्यावर जाऊ नका. हलका रेसिंग टायर तीन हजारातही संपतो, जाड पंक्चररोधक टायर आठ हजाराच्या पुढे जातो. वजन, हवेचा दाब, रस्त्याची खडी, ब्रेक मारायची सवय, सगळ्याने फरक पडतो. घरात रोलरवाल्या ट्रेनरवर सायकल चालवत असाल तर मागचा टायर तापून आणखी लवकर सपाट होतो.

नक्षी गेली म्हणूनही बदलायचं कारण नाही. कारचा नियम इथे लागू नाही. रोड टायर अरुंद, गोल आणि चढ्या दाबाचा असतो, सायकलच्या वेगात तो पाण्याच्या थरावर तरंगत नाही. कित्येक चांगले रोड टायर तर नवेच गुळगुळीत येतात. तेव्हा टायर ‘गोटा’ झालाय का हे न बघता मधोमध रबर किती उरलंय ते बघा.

ते खड्डे त्यासाठीच असतात. दोन्ही दिसतात तोवर रबर आहे, दिसेनासे झाले की टायर संपला. ते पूर्ण घेरावर नसतात, एखाद्याच जागी असतात आणि धुळीने बुजतात. आधी सुईने कोरून साफ करा आणि मग ठरवा. तरीही एकच दिसत असेल तर तुमचा टायर शेवटच्या टप्प्यात आहे. खड्डे दिसले म्हणून बाकी टायर ठीक आहे असंही नाही. करकचून ब्रेक मारून चाक घसटलं असेल तर त्या एका जागी रबर पार गेलेलं असतं. चाक हवेत उचलून सावकाश फिरवा आणि पूर्ण घेर बघा.

ज्या टायरवर खूणच नसते तिथे रबराखालून वेगळ्या रंगाचा थर किंवा विणकाम दिसायला लागलं की काढायचा.

आरे_आणि_निपल

वरच्याशी सहमत. पण ‘पंक्चर वरचेवर’ याचा दोष लगेच टायरला देऊ नका. भोक ट्यूबच्या कोणत्या बाजूला आहे ते आधी बघा.

बाहेरच्या, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला एकच बारीक भोक: काच, काटा, तार. अशी पंक्चरं वेगवेगळ्या जागी होत असतील तर रबर पातळ झालंय, टायर बदला. एकाच जागी होत असतील तर टायरमध्ये काहीतरी रुतून बसलंय.

आतल्या, रिमकडच्या बाजूला भोक: रिम टेप (रिमच्या आतली, आऱ्यांची भोकं झाकणारी पट्टी) सरकलीय किंवा आऱ्याच्या भोकावर फाटलीय. नवा टायर घालूनही पंक्चर होतच राहणार.

शेजारीशेजारी दोन भोकं: हवा कमी होती, खड्ड्यात ट्यूब रिम आणि रस्त्यामध्ये चेंगरली.

व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलेली: पंप लावताना ओढाताण होतेय.

भोकाची जागा टायरवर शोधता यावी यासाठी टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर आणायचं. मग ट्यूब बाहेर काढली तरी व्हॉल्व्हपासून मोजून टायरवरची नेमकी जागा सापडते. त्या जागी आतून कापूस फिरवा. बारीक तार बोटाला कळत नाही, कापसाचे तंतू मात्र तिथे अडकतात. बोटही कापत नाही.

हवा_८०

आता पुढचा टायर. हवा पूर्ण सोडा, टायर बाहेरून दाबून काप उघडा आणि उजेडात तळ बघा. तीन शक्यता आहेत.

तळाशी रबरच दिसतंय: काही झालेलं नाही. खडा किंवा काच अडकली असेल तर टोकदार काडीने काढा, नाहीतर ती चाकाच्या प्रत्येक फेरीला थोडी आत सरकते.

विणकाम दिसतंय पण दोरे अखंड आहेत: मागच्या चाकावर चालेल, दर आठवड्याला बघत राहायचं.

दोरे तुटलेत: टायर बाद. टायरचा सगळा भार दोरे पेलतात, रबर ही फक्त वरची कातडी. दोरे तुटले की हवा भरल्यावर त्या जागी फुगवटा येतो आणि आज ना उद्या टायर तिथेच फुटतो. फुगवटा आलेल्या टायरवर एक किमीही जायचं नाही.

भेगांचंही तेच. फक्त रबराच्या पापुद्र्यावर असतील तर ते ऊन आणि ओझोनचं काम, लगेच धोका नाही. अंगठ्याने साइडवॉल वाकवा. भेगेत दोरे दिसले किंवा कडेचे दोरे उसवून लोंबत असतील तर काढा. रिम ब्रेक आहेत म्हणून ब्रेक दाबून पॅड कुठे टेकतो तेही बघा. पॅड चुकून टायरला लागत असेल तर साइडवॉल कापत जातो, आणि मग नवा टायरही थोड्या दिवसांत जातो.

आरे_आणि_निपल

काप सुपरग्लूने भरता येतो असं बरेच जण सांगतात. खडी आत शिरू नये एवढ्यापुरतं ठीक आहे, पण त्याने तुटलेले दोरे सांधले जात नाहीत. वाटेत टायर फाटलाच तर आतून जुन्या टायरचा तुकडा किंवा टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा तुकडा लावा, हवा कमी भरा आणि घर गाठा. ती तात्पुरती सोय आहे.

तिसरा_गिअर

धन्यवाद मंडळी. तपासलं. भोकं रस्त्याकडच्या बाजूला आणि वेगवेगळ्या जागी आहेत, रिम टेप ठीक आहे. पुढच्या कापाच्या तळाशी विणकाम दिसतं, दोरे तुटलेले नाहीत. भेगा वरवरच्या. म्हणजे मागचा बाद, पुढचा मागे आणि नवा पुढे असंच ना? नवा घेताना २८सी घेतला तर चालेल का?

चढण_उतरण

हो, तसंच. २८ घेण्याआधी जागा मोजा. फ्रेम, फोर्क आणि ब्रेकचा कमानीसारखा भाग यांच्यापासून टायरला सगळीकडून निदान ४ मिमी मोकळं अंतर हवं. जुन्या रिम ब्रेकच्या सायकलींवर बहुतेकदा ब्रेकखालीच अडतं. शिवाय टायरवर २८ लिहिलेलं असलं तरी रुंद रिमवर तो ३० भरू शकतो. साइडवॉलवर २८-६२२ असा आकडा शोधा. ६२२ हा रिमच्या बैठकीचा व्यास, तो तुमच्या रिमशी जुळलाच पाहिजे.

(ज्यांची रिम हुकलेस आहे, म्हणजे टायरची कड अडकवायला रिमला आत वळलेला हुक नाही, त्यांनी हुकलेसला चालतो असं स्पष्ट लिहिलेलाच टायर घ्यावा. तिथे ५ बारच्या, म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या (दोन्ही हवेच्या दाबाची मापं) वर जायचं नाही. रिमवर याहून कमी आकडा असेल तर तोच पाळा.)

हवा_८०

बसवताना बाणाची दिशा बघा. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरतीच हवा भरा. टायरची दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने चढवायला सुरुवात करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. शेवटचा टप्पा घट्ट लागला की लिव्हर घालायचा मोह होतो आणि तिथेच नवी ट्यूब चिमटते. त्याऐवजी घेरभर दोन्ही कडा दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरवा. तेवढ्याने सैल पडतं, मग तळहाताने ढकला. शेवटी व्हॉल्व्ह एकदा आत दाबून सोडा, म्हणजे त्याच्या बुडाशी ट्यूब अडकलेली असेल तर सुटते.

आधी २०-३० पीएसआय भरून थांबा. रिमच्या लगत टायरवर एक बारीक रेघ असते, ती दोन्ही बाजूंनी सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे आत गेली असेल तर हवा सोडून तिथे साबणाचं पाणी लावा आणि पुन्हा भरा. नवा टायर फिरताना उडतोय म्हणून लोक माल खराब समजतात, पण बहुतेक वेळा तो नीट बसलेलाच नसतो. साइडवॉलवरचा कमाल आकडा गाठायची गरज नाही. सत्तर किलोच्या आसपास वजन असेल तर मागच्या २५ला ८५-९० आणि पुढच्या २८ला ७० पीएसआयपासून सुरुवात करा, मग रस्त्याप्रमाणे कमी-जास्त.